खाडीतल्या जुन्या होड्या: कोणती कशासाठी, आणि घरातल्या होडीचं काय करायचं?

रत्नागिरीचा राजीवाडा घ्या, जयगड-दाभोळची खाडी घ्या, साखरीनाटे घ्या, नाहीतर मुरूडजवळचं राजपुरी. कोकणातल्या मच्छीमार वस्त्यांत एक गोष्ट हमखास दिसते. माडाखाली पालथी घातलेली एक जुनी होडी. दादांनी वापरलेली, अब्बांनी थोडी वापरलेली, आता वर झापं टाकून ठेवलेली. घरात कधीतरी विषय निघतोच.

"अब्बा, हिला मोटर लावू या ना."

"मोटर लावशील तर मागून बसेल ती. ही त्या कामाची नाही."

"मग विकून टाकू या."

"विकून दुसरी कुठली घेणार आहेस?"

या शेवटच्या प्रश्नाचं नीट उत्तर अनेक घरांत कुणाकडेच नसतं. मुलं ट्रॉलरवर, मर्चंट नेव्हीत किंवा आखातात गेली. होडी बांधणारे मिस्त्री कमी झाले. आणि ज्यांना माहीत आहे त्यांना कुणी विचारत नाही. म्हणून हा लेख. खाडीत आणि किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात चालणाऱ्या जुन्या होड्यांचे मुख्य प्रकार, त्यांची तुलना, आणि घरातली जुनी होडी ठेवायची, दुरुस्त करायची की बदलायची हे ठरवताना काय पाहायचं, हे इथे एकत्र दिलं आहे.

आपल्या समाजाशी हा विषय जवळचा आहे. १८८० साली छापलेल्या मुंबई इलाख्याच्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरमध्ये दालदी मुसलमानांची नोंद मासेमारी करणारा समाज म्हणून आहे. मोठ्या बोटीवर गेलेला माणूस खलाशी असतो, हिशेब दुसऱ्याच्या हातात असतो. स्वतःच्या होडीत बसलेला माणूस मालक असतो, मग ती होडी पंधरा फुटांची का असेना. छोट्या होडीचं खरं मोल हेच आहे.

आधी पाणी समजून घ्या

खाडीचं पाणी दिवसात दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. मुंबईकडे उधाणाच्या भरती-ओहोटीत ४ ते ५ मीटरचा फरक पडतो. दक्षिणेकडे हा फरक कमी होत जातो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात तो साधारण अडीच मीटरच्या आत येतो. उत्तरेला चिखलाचे मोठे पट्टे आणि जोराचा प्रवाह, तर दक्षिणेला वाळूचे किनारे आणि लहान खाड्या. उत्तरेकडे रुंद, फळ्यांचे मचवे जास्त दिसतात आणि दक्षिणेकडे हलक्या, किनाऱ्यावर ओढता येणाऱ्या होड्या जास्त दिसतात, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

पाण्याचा अंदाज आपल्याकडे चाँदावरून सहज येतो. हिजरी महिना चंद्राचाच असल्यामुळे ढोबळमानाने १ ते ३ आणि १५ ते १७ तारखेला उधाण, तर ७ ते ९ आणि २२ ते २४ च्या सुमारास भांग. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. उधाणाच्या ओहोटीला जी होडी तुमच्या धक्क्यापर्यंत पोहोचते, तीच तुमच्या खाडीची होडी. भरतीच्या वेळी सगळ्याच होड्या चांगल्या वाटतात.

होडी पाहताना चार गोष्टी मोजा:

- भरलेली असताना ती किती पाण्यात बसते.
- एका बाजूला दोन माणसं झुकली तर किती कलते.
- रिकामी होडी ओढायला किती माणसं लागतात.
- पाण्यापासून काठ किती वर राहतो.

पहिल्या मुद्द्याचा हिशेब सोपा आहे. समजा होडी २५० किलोची, दोन माणसं १३० किलोची, जाळं-बर्फ-मासळी १२० किलोची. एकूण ५०० किलो. खाऱ्या पाण्याचं वजन घनमीटरला सुमारे १,०२५ किलो, म्हणजे होडीला साधारण अर्धा घनमीटर पाणी बाजूला सारावं लागतं. होडीचा पाण्यावर टेकलेला भाग ५ मीटर लांब, ८० सेंटिमीटर रुंद आणि टोकांना निमुळता धरला, तर क्षेत्र २.८ चौरस मीटर होतं. बूड सपाट असेल तर ही होडी सुमारे १७ सेंटिमीटर बसेल, म्हणजे एका वितीपेक्षा कमी. त्यात आणखी ५० किलो टाकलं की ती पावणेदोन सेंटिमीटर खाली जाते. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे मोटरच्या वेळी लागणार आहे.

आता प्रकार पाहू. एक सूचना आधीच देतो. नावावर जाऊ नका. होडी, टोणी, पगार, पात, डोण ही नावं गावागावात बदलतात. एकाच नावाची होडी दोन बंदरांत वेगळी असू शकते. बांधणी पाहा.

१. एका खोडाची होडी

सगळ्यात जुना प्रकार. आंब्यासारख्या मोठ्या झाडाचं खोड आतून कोरून केलेली. हिला सांधा नाही, म्हणून सांध्यातून गळती नाही. बूड गोल किंवा किंचित सपाट, रुंदी खोडाएवढीच. काही ठिकाणी काठ उंच करायला वरून एक फळी जोडलेली असते.

ही होडी वीतभर पाण्यात चालते. काठीने ढकलता येते, एका वल्ह्यावर एक माणूस नेऊ शकतो. तिवरांमधल्या अरुंद वाटांत, चिंबोऱ्या धरायला, पाग टाकून बोय आणि काळुंदर मारायला, तिसऱ्या-कालवं काढणाऱ्या बायकांना पलीकडच्या वाळूवर सोडायला हिच्यासारखी दुसरी नाही. चिखलात बसली तरी बूड घासून फाटत नाही.

दोष एकच, पण मोठा. अरुंद आहे, त्यामुळे कलते. सवय नसलेला माणूस उभा राहिला की उलटायची भीती. खाडीच्या मुखापाशी लाट उभी राहते तिथे ही होडी नेऊ नये.

आखातात राहिलेल्यांनी ओमान-अमिरातीत 'हूरी' नावाची कोरीव होडी पाहिली असेल. तिकडे एवढं मोठं झाड नाही. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून, विशेषतः मलबारमधून, कोरलेली खोडं गलबतांवर लादून तिकडे जायची. आपली होडी आणि त्यांची हूरी एकाच कुटुंबातल्या आहेत.

आज नवी एकखोडी होडी होणं जवळपास थांबलं आहे. तेवढ्या घेराची झाडं उरली नाहीत, आणि १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्यामुळे आंबा, फणस, सागासारखी झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. म्हणजे घरात धड अवस्थेतली एकखोडी होडी असेल, तर तशी दुसरी मिळणार नाही हे धरून चाला.

२. उलांडीची होडी

पहिल्याच होडीचा दोष काढायला केलेली युक्ती. होडीच्या एका बाजूला दोन आडव्या दांड्या बाहेर काढतात आणि त्यांच्या टोकाला होडीला समांतर असा हलक्या लाकडाचा ओंडका बांधतात. पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड यासाठी चांगलं. ही उलांडी. मद्रासच्या मत्स्य खात्याचे संचालक राहिलेले जेम्स हॉर्नेल यांनी भारतातल्या होड्यांच्या बांधणीवर १९२० साली मोठा प्रबंध लिहिला. आपल्या किनाऱ्यावरच्या उलांडीच्या होड्यांचं वर्णन त्यात आहे.

उलांडी दोन तऱ्हांनी काम करते. होडी उलांडीच्या बाजूला कलली, तर ओंडका पाण्यात दाबला जातो आणि तरंगून तिला वर ढकलतो. विरुद्ध बाजूला कलली, तर ओंडक्याचं वजन तिला परत ओढतं. या दुसऱ्या बाजूला आधार तुलनेने कमी असतो, म्हणून जुने लोक वारा पाहूनच उलांडी कुठल्या अंगाला ठेवायची ते ठरवतात. जाळं मात्र मोकळ्या बाजूने टाकायचं, नाहीतर ते अडकतं.

दांड्या खिळ्याने ठोकत नाहीत, दोराने बांधतात. लाट आली की बांधणी थोडी हलते आणि झटका सोसते. कुणी हौसेने बोल्ट मारले तर पहिल्या मोठ्या लाटेत दांडी किंवा काठ फुटतो. दोर जीर्ण झाला की बदलायचा, एवढीच देखभाल.

खाडीचं मुख, वाळूचा किनारा, किनाऱ्यालगतची गळाची आणि छोट्या जाळ्यांची मासेमारी, शिडावरचा प्रवास यासाठी ही होडी उत्तम. तिवरांत आणि गर्दीच्या धक्क्यावर मात्र अडचण. उलांडी फांद्यांत अडकते, शेजारच्या होडीला लागते.

३. काथ्याने शिवलेली होडी

या होडीत फळ्या एकमेकींना खिळ्यांनी जोडलेल्या नसतात. फळीच्या काठाला भोकं पाडून काथ्याच्या दोरीने शिवतात. सांध्यावर नारळाच्या सालीचा काथ्या दाबून बसवतात आणि वरून तेल-राळ लावतात. मालवण-गोव्याकडे रापणीच्या मोठ्या होड्या अशा बांधायचे.

ही अरबी समुद्राची जुनी विद्या आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता यांनी लिहून ठेवलं आहे की भारत आणि येमेनची जहाजं काथ्याने शिवलेली असतात, कारण खडकाला आपटल्यावर खिळ्यांचं जहाज फुटतं आणि शिवलेलं लवतं. २०१० साली ओमानने नवव्या शतकातल्या जहाजावरून 'ज्युएल ऑफ मस्कत' हे शिवलेलं जहाज बांधून सिंगापूरपर्यंत नेलं. आपल्याकडे गोव्यात शिवून बांधलेलं 'आयएनएसव्ही कौंडिण्य' मे २०२५ मध्ये कारवारला भारतीय नौदलात दाखल झालं. ज्या कामाला लोक मागासलेलं म्हणत होते, ते आता मान देऊन जपलं जात आहे.

लाटांतून वाळूवर उतरायला ही होडी सगळ्यात चांगली. बूड आपटलं तरी फळ्या थोड्या हलतात, तुटत नाहीत. पण टाके कुजतात. ठराविक काळाने जुने टाके काढून होडी पुन्हा शिवावी लागते, आणि हे काम जाणणारा मिस्त्री मिळणं हीच आजची मोठी अडचण आहे. मिस्त्री जवळ नसेल तर ही होडी वापरासाठी विकत घेऊ नका. घरात असेल तर मात्र मोडू नका. याबद्दल शेवटी सांगतो.

४. फळ्या आणि खिळ्यांची होडी, छोटा मचवा

खाली कणा, त्यावर वाकवलेली आडवी लाकडं, त्यांवर खिळ्यांनी ठोकलेल्या फळ्या. सांध्यांत कापूस ठोकून वरून राळ-तेल किंवा लांबी भरतात. सागाची असेल तर टिकाऊ. रुंद असते, दोन-तीन माणसं उभी राहून जाळं ओढू शकतात, माल जास्त येतो, काठ उंच असतो.

पण कणा खाली उतरलेला असल्यामुळे ही जास्त पाणी मागते. ओहोटीला चिखलात बसली की भरतीची वाट पाहत राहा. वजन जास्त, ओढायला माणसं जास्त. शिवाय हिला दोन दुश्मन आहेत.

एक म्हणजे गंजणारे खिळे. लोखंडी खिळ्याभोवती लाकूड काळं पडून भुसभुशीत होतं. वरून रंग छान दिसतो आणि आत खिळा सैल झालेला असतो.

दुसरा दुश्मन म्हणजे लाकूड पोखरणारा दर्यातला किडा. लोक अळी म्हणतात, पण तो शिंपल्याच्या जातीचा जीव आहे. बाहेर टाचणीएवढं भोक, आत बोटाएवढी पोकळी. खाऱ्या पाण्यात सतत उभी असलेली होडी त्याला जास्त सापडते. होडी वर ओढून वाळवणं, बुडाला चुना-तेलाचा लेप देणं, काजूच्या टरफलाचं तेल लावणं हे जुने उपाय उगाच नव्हते. गोड्या पाण्यात हा जीव टिकत नाही, म्हणून खाडीच्या आत, नदीच्या बाजूला ठेवलेल्या होड्या कमी खराब होतात. हा धोका लाकडाच्या सगळ्याच होड्यांना आहे, पण फळी पातळ असल्यामुळे इथे नुकसान लवकर होतं.

५. पहिल्या पिढीच्या फायबर होड्या

फायबरच्या होड्याही आता जुन्या झाल्या. सुरुवातीच्या अनेक होड्यांचा साचा लाकडी होडीवरूनच घेतलेला होता. त्यामुळे काहींचा आकार वल्ह्याचा, पण वापर मोटरचा, अशी गत झाली. किडा लागत नाही, रोज तेल नको, हलकी असते, मागे मोटर बसवायला सपाट पाठ मिळते. म्हणून सगळीकडे याच दिसतात.

हिचे आजार डोळ्यांना दिसत नाहीत. मोटर लावायच्या पाठीत आत प्लायवुड असतं. स्क्रूच्या भोकातून पाणी शिरून ते आतल्या आत कुजतं. तरंगण्यासाठी भरलेल्या फोममध्ये पाणी मुरलं की होडी दरवर्षी जड होत जाते. उन्हाने वरचा थर भुकटीसारखा होतो आणि केसासारख्या भेगा पडतात. खडकावर किंवा कालवांच्या थरावर बूड घासलं की धागे उघडे पडतात. आणि मोडल्यावर तिचं काय करायचं हा प्रश्न राहतोच. लाकूड मातीत जातं, फायबर किनाऱ्यावर पडून राहतं.

थोडक्यात तुलना

- सगळ्यात कमी पाण्यात: एकखोडी. पाठोपाठ उलांडीची.
- लाटेत आणि खाडीच्या मुखाशी: उलांडीची आणि शिवलेली. एकखोडी नको.
- तिवरांत, अरुंद वाटेत: एकखोडी. उलांडीची नको.
- जास्त माल, जास्त माणसं: फळ्यांचा छोटा मचवा किंवा फायबर.
- एकट्या माणसासाठी: एकखोडी, उलांडीची किंवा छोटी फायबर.
- घरच्या घरी दुरुस्ती: उलांडीची सगळ्यात सोपी. शिवलेली सगळ्यात कठीण, मिस्त्री लागतो.
- मोटरसाठी: फायबर. मजबूत फळीबांधणी चालेल. बाकी तिघींना विचार करून.

मोटर लावण्याआधी हे वाचा

घराघरात वाद इथेच होतो, आणि अब्बांचं म्हणणं बरोबर असतं. ८ ते १० एचपीची बाहेर लावायची मोटर ३५ ते ४५ किलोची असते. टाकी आणि चालवणारा माणूस धरला तर शंभर किलोच्या वर वजन एकदम मागच्या टोकाला जातं. जुन्या होडीचं मागचं टोक निमुळतं असतं, तिथे तरंगायला जागाच कमी. म्हणून ती मागून बसते, पुढून उठते आणि मागचा काठ पाण्याजवळ येतो. मागून एक लाट आली तरी पाणी आत.

दुसरी गोष्ट, पंखा बुडाच्या खाली साधारण २० ते २५ सेंटिमीटर जातो. वर काढलेल्या हिशेबात होडी १७ सेंटिमीटर बसत होती. मागे दबल्याचे ४-५ सेंटिमीटर आणि पंखा मिळवा, गरज ४५ सेंटिमीटरच्या आसपास जाते. म्हणजे वीतभर पाण्यात चालणाऱ्या होडीला आता दीड फूट पाणी लागतं. ज्या चिखलावर, ज्या तिवरांत तुमची कमाई होती, तिथे ओहोटीला जाता येणार नाही. जुन्या होडीचा सगळ्यात मोठा गुण मोटर काढून घेते.

तिसरी गोष्ट वेगाची. पाणी कापत जाणाऱ्या ५ मीटरच्या होडीचा सोयीचा वेग तासाला साधारण १० किलोमीटरच्या आत असतो. त्यापुढे जोर वाढवला तर होडी मागे आणखी बसते आणि इंधन जळतं, वेग फारसा वाढत नाही. अशा होडीला १० एचपीची गरजच नाही.

चौथी गोष्ट नियमाची. पावसाळ्यात साधारण १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिकी मासेमारीला बंदी असते. बिगरयांत्रिकी पारंपरिक होड्यांना त्यातून सूट दिली जाते. मोटर बसवली की ही सूट हातची जाऊ शकते. घरखर्चाला दोन महिने आधार देणारी खाडीतली मासेमारी थांबवून मोटर परवडते का, हा हिशेब आधी घरात बसून करा.

तरीही मोटर हवीच असेल, कारण अंतर लांब आहे किंवा वय झालं आहे, तर त्या कामासाठी बांधलेली होडी घ्या. जुनी वल्ह्यासाठी ठेवा.

जुनी होडी विकत घेताना

जुम्म्याच्या दिवशी किंवा ओहोटीला होडी वर काढलेली असते, तेव्हा जा. पाण्यात उभी असताना सौदा करू नका. सोबत जाणता माणूस न्या, आणि या गोष्टी तपासा:

- लाकडात सुरीचं टोक दाबून पाहा. पाण्याच्या रेषेजवळ, कण्यापाशी आणि दोन्ही टोकांना. टोक सहज आत गेलं तर लाकूड कुजलं आहे.
- बुडाला टाचणीएवढी भोकं आहेत का पाहा. एक भोक म्हणजे आत लांब बोगदा असू शकतो.
- खिळ्यांभोवती काळे डाग मोजा. ओळीने असतील तर दुरुस्ती मोठी आहे.
- एकखोडी होडीत लांबीच्या दिशेची भेग वरून आहे की आरपार, हे आत पाणी ओतून पाहा. पत्रा-डांबराचं ठिगळ असेल तर त्याखाली काय आहे ते विचारा.
- उलांडीच्या दांड्या हाताने हलवा. थोड्या लवल्या तर ठीक, करकरल्या तर दोर बदलायला झाला.
- फायबरवर लाकडी दांड्याने टकटक करा. खणखणीत आवाज चांगला, बोदा आवाज वाईट. मोटरच्या पाठीवर जास्त लक्ष द्या.
- शेवटी पाण्यात ढकलून दोन माणसं बसवा आणि अर्धा तास थांबा. आत किती पाणी येतं ते पाहूनच किंमत बोला.

फार वाळलेली लाकडी होडी पहिल्या दिवशी गळते, लाकूड फुगलं की गळती कमी होते. पण "फुगली की थांबेल" हे विकणारा प्रत्येक जण म्हणतो. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा.

कागदपत्रं आणि जीव

मासेमारीच्या नौकेला नोंदणी आणि परवाना लागतो. महाराष्ट्रात १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा लागू आहे आणि २०२१ मध्ये त्यातले दंड वाढले आहेत. जिल्ह्याच्या सहाय्यक आयुक्त, मत्स्यव्यवसाय कार्यालयात माहिती मिळते. जुनी होडी घेताना आधीच्या मालकाच्या नावावरून आपल्या नावावर नोंद करून घ्या. तोंडी व्यवहारात अपघात किंवा नुकसानभरपाईच्या वेळी कुटुंबाच्या हातात काहीच राहत नाही.

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना होडी-जाळ्यांसाठी मदतीची तरतूद होती. वैयक्तिक लाभाच्या कामांत सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिलांना ६० टक्क्यांपर्यंत अनुदान असं तिचं सूत्र. सध्या कोणती योजना चालू आहे ते कार्यालयात विचारा, आणि घरातल्या बाईच्या नावाने अर्ज करता येतो का हेही विचारा.

आणि लाइफ जॅकेट. खाडीत कशाला, असं म्हणू नका. पाणी छातीएवढं असलं तरी पाय चिखलात रुतलेला आणि जाळ्यात अडकलेला माणूस पोहू शकत नाही. पोरांना होडीत नेता तेव्हा त्यांच्या अंगावर आधी जॅकेट चढवा, मग वल्हं द्या.

मोडण्याआधी एक काम करा

होडी दुरुस्त होण्यासारखी नसेल आणि लाकूड चुलीतच जाणार असेल, तर एक दिवस थांबा. टेप घ्या. लांबी, मधली रुंदी, दोन्ही टोकांपासून दर हातभर अंतरावरची रुंदी आणि खोली लिहून ठेवा. उलांडीच्या दांड्यांची लांबी, ओंडक्याची जाडी, टाक्यांमधलं अंतर मोजा. सगळ्या बाजूंनी फोटो काढा. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि प्रत्येक भागाला ते काय म्हणतात ते मोबाइलवर रेकॉर्ड करा. लाकूड कुठून आणलं, कोणी बांधली, कुठल्या वाऱ्यात कशी वागायची, तेही विचारा.

या बोलीतच आपला इतिहास आहे. नाखवा हा शब्द फारसी नाखुदावरून आला. सुकाणू अरबी सुक्कानवरून, खलाशी अरबी खलासीवरून. बंदर आणि दर्यावर्दी फारसी. कोकणचा कोळी आणि कोकणचा मुसलमान दोघंही हेच शब्द बोलतात, कारण दोघांचं पाणी एकच. होडीच्या भागांची गावोगावची नावं मात्र कुठे लिहिलेली सापडतीलच असं नाही. ती सांगणारी माणसं एकेक करून जात आहेत.

आणि होडी अजून धड असेल तर विकण्याची घाई करू नका. सावलीत ठेवा, दोन्ही टोकांना आणि मध्ये ओंडके देऊन जमिनीपासून उचला, वरून झाप टाका, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर तेल द्या. पुढच्या उधाणाला ती पाण्यात उतरवा, अब्बांना मागे बसवा आणि वल्हं त्यांच्या हातात द्या. ती होडी कशाची आहे, कुठे न्यायची आणि कुठे नाही, हे ते अर्ध्या तासात सांगतील.